एल्डर बागुलांचे मंगळवार

चोपड्यातील त्या दोन खोल्यांत सकाळी साडेसहाला गजर होई, आणि गजर थांबण्याच्या आत अमृत बागुल अंथरुणावर उठून बसलेला असे. प्रार्थना, अर्धा तास जोर-बैठका, स्नान, न्याहारी, त्यानंतर दोन तास ग्रंथवाचन. आणि साडेनऊला पांढरा सदरा. सदऱ्याला तो स्वतः इस्त्री करी. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या आणि सर्वांत शेवटी छाती, कारण छातीवर काळी पाटी लागायची होती. पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेले असे : एल्डर बागुल. ती पाटी तिरकी लागली तर तो पुन्हा काढून लावी. ज्याला नाव मिरवायचे आहे त्याने ते सरळ मिरवावे, असे त्याचे मत होते, आणि ते मत वाईट नव्हते.

अमृत धुळ्याचा. देवपुरात गवंडीकाम करणाऱ्या तोताराम बागुलांचा धाकटा मुलगा. आय.टी.आय.चे प्रमाणपत्र घेऊन विजेच्या कामासाठी तो बंगळुरूला गेला, खोलीतल्या सोबत्याबरोबर एका रविवारी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या प्रार्थनेला जाऊन बसला, आणि वर्षभरात त्यांच्यातलाच एक झाला. त्या पंथातील तरुण आयुष्याची दोन वर्षे मिशनरी म्हणून देतात. वेतन नाही, घरी जाणे नाही, आठवड्यातून एकदाच घरी फोन. अमृतने ती दोन वर्षे दिली. खानदेशची बोली जाणणारा माणूस हवा म्हणून त्याला चोपड्याला पाठवण्यात आले. वय वर्षे बावीस.

एकट्याने उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायचे नाही, असा मिशनरींचा दंडक आहे. म्हणून त्याच्या जोडीला राजमहेंद्रीचा एल्डर कोंडेटी होता. उंच, अबोल, हातांनी कामसू. मराठीतील 'बरं आहे' आणि 'पाणी आणू?' एवढ्या दोनच वाक्यांवर त्याने चोपड्यातले सहा महिने सुखाने काढले होते. दुसरा दंडक असा, की कोणी बोलावल्याखेरीज कोणाच्या दारी धर्म सांगायला जायचे नाही. तिसरा, चहा-कॉफी वर्ज्य. पहिले दोन पाळणे सोपे होते. खानदेशात चहा नाकारून माणूस टिकतो कसा, हे मात्र बंगळुरूच्या वरिष्ठांना ठाऊक नव्हते.

गावाने आधी त्यांना औषध कंपनीचे प्रतिनिधी ठरवले. पांढरे सदरे, टाय, खांद्याला पिशवी, दोघे बरोबर. दुसरे असणार तरी कोण? एका दवाखान्याच्या कंपाउंडरने तर त्यांना बाकावर बसवून ठेवले आणि तासाभराने आत बोलावून सांगितले, "साहेब आज नमुने घेणार नाहीत. पुढच्या आठवड्यात या." अमृतने खुलासा केला. कंपाउंडर गंभीरपणे म्हणाला, "ते ठीक आहे हो, पण कंपनी कोणती?"

चोपड्यात त्यांच्या पंथाचे माणूस एकच होते : ताईबाई. वय पंचाहत्तरच्या पुढे. मुलगा भूषण सुरतेच्या कापडगिरणीत. त्याच्याकडे राहत असताना त्या तेथील प्रार्थनामंडळात जाऊ लागल्या आणि तिथेच त्यांनी दीक्षा घेतली. गुडघे थकले तशा त्या सून सारिकासह चोपड्याच्या घरी परतल्या. सारिकाने सासूचा पंथ घेतला नाही आणि सासूने सुनेच्या देव्हाऱ्याला हात लावला नाही. एकाच घरात सकाळी दोन प्रार्थना होत, आणि भाजीत मीठ कोणी जास्त घातले यावरचे भांडण तेवढे सामाईक असे.

दर मंगळवारी दहाला दोघे एल्डर ताईबाईंकडे जात. आधी अर्धा तास वाचन आणि प्रार्थना, नंतर घरातले पडेल ते काम. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या मोळ्या सोडून चुलीजोगत्या काड्या मोडायच्या, आणि मागच्या अंगणातल्या चुलीवर न्हाणीचा मोठा हंडा असे, तो भरून द्यायचा. गॅस होता, पण आंघोळीचे पाणी चुलीवरचेच, हा ताईबाईंचा दंडक, आणि तोही मिशनच्या दंडकाइतकाच कडक.

"एल्डर म्हणजे काय हो?" सारिकाने पहिल्याच मंगळवारी शिलाई मशीनवरून मान वर न करता विचारले होते.

"वडीलधारा," अमृत म्हणाला.

"अगं बाई! मिसरूड फुटलं नाही अजून, अन् वडीलधारे!" तिने धागा दातांनी तोडला. "चहा ठेवू का, आबा?"

"आम्ही चहा घेत नाही, वहिनी."

"कॉफी?"

"तीही नाही."

"आमचे देवसुद्धा इतके नखरे करत नाहीत. ताक तरी चालतं का तुमच्यात?"

ताक चालत होते. त्या दिवसापासून दर मंगळवारी जिरे घातलेल्या ताकाचे दोन पेले कोनाड्यात झाकून ठेवलेले असत, आणि अमृतला ती घरभर 'आबा' म्हणून हाक मारू लागली.

या पंथात आपल्या पूर्वजांची नावे शोधून वंशवृक्षाच्या तक्त्यात लिहिणे हे मोठे पुण्यकर्म मानतात. गेलेल्यांना विसरायचे नाही, एवढा त्याचा साधा अर्थ. अमृतने ताईबाईंचा तक्ता आखला. वडिलांचे नाव आले, आजोबांचे आले. आईच्या चौकोनाशी पेन थांबले.

"अक्का, आईचं नाव?"

ताईबाई भिंतीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "माले माहीत नही, भाऊ."

अमृतला वाटले, आपल्या ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. ताईबाई सव्वा महिन्याच्या असताना आई गेली. वर्षाच्या आत वडिलांनी दुसरे लग्न केले. सावत्र आई वाईट नव्हती. गळ्यात सवतीचा चांदीचा टाक, म्हणजे तिची उमटवलेली प्रतिमा, घाली, सणाला त्याला हळदकुंकू लावी. पण गेलेल्या सवतीचे नाव घरात उच्चारायचे नाही, ही त्या घराची रीत. कोणाला बोलावेच लागले तर 'थोरली' म्हणत. वडील गेले, सावत्र आई गेली, आणि ते नाव ठाऊक असलेले शेवटचे माणूसही गेले.

"जनमभर मी सगळासना नाव लिवाडात," ताईबाई म्हणाल्या. "रेशन कार्डवर, मतदानले, हास्पिटलम्हा. मनी मायनं नाव कोनी इचारंच नही. तू पहिला."

अमृतने त्या चौकोनाभोवती पेन्सिलीने बारीक वर्तुळ काढले आणि म्हणाला, "अक्का, हा चौकोन मी भरून देईन." वचन देऊन झाल्यावर त्याला कळले, की आपण कशाला हात घातला आहे.

त्याने पद्धतशीर शोध घेतला. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी पाहिल्या. त्या वर्षाची पाने वाळवीने खाल्लेली. हिवाळ्यात ताईबाईंच्या माहेरच्या कुळाचा भाट वंशावळीची वही घेऊन तालुक्यात उतरला, तेव्हा दोघे एल्डर टाय लावून त्याच्यासमोर मांडी घालून बसले. भाटाने ताईबाईंच्या वडिलांच्या सात पिढ्या एका दमात म्हणून दाखवल्या. त्यात बाईचे नाव एकही नव्हते. ताईबाईंच्या आईपुढे त्याच्या वहीत एवढेच होते : 'नशिराबादचे दगडू पाटील यांची कन्या.'

"कन्येचं नाव?" अमृतने विचारले.

"कन्येचं नाव काय लिहायचं?" भाटाने प्रामाणिक आश्चर्याने विचारले. "ते लग्नात बदलतंच की."

गाव मिळाले, वडिलांचे नाव मिळाले. चौकोन कोराच राहिला.

पुढे एका शनिवारी सायंकाळी बदलीचा निरोप आला. अमृतने बुधवारी सकाळी चोपडा सोडायचा, नवे ठिकाण तेलंगणात. मिशनरीची बदली अशीच येते, आणि तिला उलट उत्तर नसते. अमृतने तक्ता काढला. पेन्सिलीचे वर्तुळ त्याच्याकडे पाहत होते. हाती तीनच दिवस होते, पैकी रविवार प्रार्थनेचा.

सोमवार हा मिशनरींचा कपडे धुण्याचा दिवस. अमृतने वरिष्ठांना फोन करून रीतसर परवानगी मागितली, आणि न धुतलेले कपडे बादलीत ठेवून दोघांनी सकाळची जळगावची बस धरली. घरी फोन करायचाही तोच दिवस. तो त्याने बसमधूनच केला.

"कपडे धुवाना दिन ना आज?" तोतारामांनी विचारले. "मंग बसना आवाज कसाले येस?"

"नशिराबादला चाललो, नाना. एका म्हाताऱ्या अक्काच्या आईचं नाव शोधायला."

मुलगा काय करतो असे कोणी विचारले तर तोताराम 'कंपनीत शे' असे सांगून विषय बदलीत, हे अमृतला ठाऊक होते.

"सापडनं म्हंजे माले सांगजो," तोताराम म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

नशिराबादेत दगडू पाटलांचे घर राहिले नव्हते. त्या जागी सिमेंटचे दुकान होते, आणि दुकानदाराला त्याच्या आधीच्या मालकापलीकडचे काही ठाऊक नव्हते. दुपारपर्यंत दोघांनी अकरा उंबरठे झिजवले. शेवटी एका म्हाताऱ्याने सांगितले, "जुन्या लेकीसुनांची नावं हवीत? मग असलमकडे जा. त्याचा बाप भांड्यांवर नावं घालायचा."

असलम पासष्टीचा, भांड्यांना कल्हई करणारा. बाजाराच्या टोकाला त्याची भट्टी होती. आता कल्हई कमी आणि कुकरच्या दुरुस्त्या जास्त. त्याने दोघांचे टाय पाहिले.

"कुकर की गॅस?" त्याने विचारले.

"नाव," अमृत म्हणाला, आणि सगळी हकीकत सांगितली. ती सांगताना पुस्तकी मराठी कधी सुटली आणि धुळ्याची बोली कधी तोंडी आली, हे त्याचे त्यालाही कळले नाही.

असलम हातातला कापूस खाली ठेवून ऐकत होता. मग तो खळखळून हसला.

"बेटा, तू लेकीचं भांडं माहेरात ढूंढतोस? अरे, लग्न झालं त्याच दिवशी ते बैलगाडीत बसून सासरी गेलं! अब्बांनी इथे जन्मभर नावं ठोकली, अन् त्यातलं एक नाव या गावात राहिलं नाही. सगळी परगावी गेली." त्याने कापूस पुन्हा हाती घेतला. "अब्बांचा हात ओळखायचा असेल तर सांगतो. टिंबाटिंबांची अक्षरं, अन् पहिल्या अक्षराआधी एक चांदणी. छोटी. दुसरं कोणी ती काढत नव्हतं."

"चाचा, इतक्या वर्षांनी ते भांडं असेल?"

"पितळ असेल तर मोडीत गेलं असेल. तांबं असेल तर बाई देत नाही." असलमने त्यांना चहा विचारला, नकार ऐकला, आणि मुळीच न रागावता दोन लिंबू-सरबते मागवली.

मंगळवारी दहाला दोघे ताईबाईंकडे गेले तेव्हा अमृतची मान खाली होती. नशिराबादची हकीकत त्याने क्रमाने सांगितली, असलमच्या चांदणीसह. "अक्का, उद्या मी जातो. चौकोन राहिला."

"राहू दे," ताईबाई म्हणाल्या. "तू फिरना ना तिनाकरता? तिनाकरता आजलोंग कोन फिरनं व्हतं?" पण बोलताना त्यांनी पदर तोंडाशी नेला.

वाचन झाले, प्रार्थना झाली. शेवटचा दिवस असला तरी काम ते काम. कोंडेटीने टाय सदऱ्याच्या दोन गुंड्यांमध्ये खुपसून पऱ्हाट्या मोडायला घेतल्या, आणि अमृतने बादली उचलली. पहिली बादली हंड्यात ओतली. दुसरी ओतताना तो थांबला.

सहा महिने दर मंगळवारी त्याने हा हंडा भरला होता. जाळाने भांडे काळे होऊ नये म्हणून बाहेरून मातीचा लेप देतात, तसा या हंड्याला थेट गळ्यापर्यंत लेप होता. लेपावर लेप, काजळीवर काजळी, असा दगडासारखा थर. आतून मात्र काठाशी लालसर चमक दिसत होती.

"अक्का," त्याने हाक मारली. "हा हंडा तांब्याचा?"

"तांबानाच शे."

"कोणी दिला?"

"मना आंदणना. सावत्र मायनी दिधा." ताईबाई भिंतीला धरून अंगणात आल्या. "बिदाईले म्हने, पोरी, हाऊ तुनाच शे. मी नुसता सांभाळा. येले लेप देत जाय, पन घासू नको."

'हाऊ तुनाच शे.' पंचावन्न वर्षांपूर्वीचे ते वाक्य अंगणात चौघांमध्ये उभे राहिले. नाव घ्यायचे नाही ही रीत त्या सावत्र बाईने मोडली नाही. पण जे जिचे होते ते तिच्या लेकीच्या हाती तिने सोपवले होते.

मग जे झाले ते एल्डर लोकांच्या वेळापत्रकात बसणारे नव्हते. हंडा रिकामा झाला, चुलीवरून उतरला. सारिकाने मशीन सोडून चिंच भिजत घातली, मीठ आणले, नारळाची शेंडी आणली. थर ओला करून लाकडी उलथन्याने हलकेच ठोकायचा, खवला सुटला की चिंच लावायची. कोंडेटी कोपरापर्यंत काळा झाला होता. "पाणी आणू?" म्हणत त्याने सात खेपा केल्या. अमृतच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्यांची इस्त्री कधीच मोडली होती, आणि पाटी तिरकी झाली होती. ती सरळ करण्याचे त्याला सुचले नाही.

साडेबाराच्या सुमारास गळ्याखालच्या एका खवल्यामागून तांबे उघडे पडले. अमृतने अंगठ्याने चिंच चोळली. पाच टिंबे दिसली. चांदणी.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही वाचा."

सारिकाने ओल्या पदराने पुसत एकेक अक्षर वाचले. "चि. सौ. कां. गोजर... हीस... तिची आजी बनाबाई... यांजकडून. नशिराबाद. शके अठराशे एकोणसत्तर."

ताईबाई खाली बसल्या.

"काय नाव म्हनीस?"

"गोजर, सासूबाई. तुमच्या आईचं नाव गोजर."

"कोठे शे? माले दखाड."

अमृतने त्यांचे बोट धरून टिंबांवर ठेवले. म्हातारे बोट अक्षरावरून पुढे गेले, पुन्हा मागे आले. "गोजर," ताईबाई म्हणाल्या; पुटपुटल्या नाहीत, मागच्या दाराने कोणाला हाक मारावी तशा म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा पडला. "मी तिले पंचावन वरीस माती लावी, रे भाऊ. मना हातखाल."

अमृतला ग्रंथातले वचन सुचले, पण ते त्याने ओठांवर येऊ दिले नाही. उत्तर दिले ते सारिकाने.

"मातीनंच राखलं हो," ती म्हणाली. "दर आठवड्याला चिंचेनं घासला असता, तर आज एक टिंब राहिलं नसतं. माझ्या रुखवताच्या घागरीवरचं नाव बघा, दहा वर्षांत पुसलं. तुमच्या सावत्र आईला अक्कल होती." मग ती अमृतकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी असूनही जीभ जागेवर होती. "अन् आबा, तुम्ही! काखेत कळसा अन् गावाला वळसा! जन्ममृत्यूच्या नोंदी झाल्या, भाट झाला, नशिराबाद झालं, अन् पाणी मात्र दर मंगळवारी याच हंड्यात ओतत होता!"

"बरं आहे," कोंडेटी म्हणाला. सहा महिन्यांत ते वाक्य इतके नेमके कधी बसले नव्हते.

हात धुऊन अमृतने तक्ता काढला. पेन्सिलीचे वर्तुळ खोडले आणि पेन ताईबाईंच्या हाती दिले. सुरतेला असताना त्या सही करायला शिकल्या होत्या. त्यापुढचे लिहिणे नव्हते. हंड्यावरची टिंबे पाहत त्यांनी एकेक रेघ काढली. 'गो' चौकोनाबाहेर गेला, 'ज' तिरका झाला, 'र' दुसऱ्याच चौकोनात जाऊन बसला. ज्याच्या तक्त्यात एक रेघ वाकडी सापडत नसे, त्या एल्डर बागुलांनी ते अक्षर जसे होते तसेच राहू दिले. पणजीच्या चौकोनात 'बनाबाई' मात्र त्यांनी स्वतः लिहिले, आणि ते सुबक लिहिले.

सायंकाळी आठवड्याचा अहवाल भरायचा होता. त्यात रकाने ठरलेले : किती जणांना शिकवले, किती जणांनी दीक्षा घेतली. चोपड्यात सहा महिने त्या रकान्यांत अमृतने बहुधा शून्ये भरली होती, आणि दर आठवड्याला ती शून्ये त्याला टोचली होती. आज त्याने ती सरळ, गोल आणि न लाजता काढली. शेवटी 'इतर सेवा' असा एक अरुंद रकाना होता. त्यात त्याने लिहिले : 'हंडा घासला.' मग त्याने वडिलांना एका ओळीचा संदेश पाठवला : 'नाना, सापडलं. गोजर.' उत्तर लगेच आले नाही. झोपण्यापूर्वी आले : 'आते कोनी इचारं तर सांगसू, पोर्‍या काय करस ते.'

बुधवारी सकाळी चोपड्याच्या बसस्थानकावर ताईबाई रिक्षातून उतरल्या. सारिकाने ताकाची बाटली अमृतच्या पिशवीत खोचली. "तेलंगणात ताक मिळेल का कोणास ठाऊक," ती म्हणाली. "आबा, पाटी तिरकी आहे." अमृतने पाटी सरळ केली आणि तो बसमध्ये जाऊन बसला. नवा जोडीदार येईपर्यंत कोंडेटीबरोबर राहायला जळगावहून आलेला एल्डर त्याच्याच शेजारी उभा होता. अमृतसोबत जाणारा दुसरा बसच्या दारात.

बाकावर एक अनोळखी म्हातारी बसली होती. खानदेशात शेजारी बसलेल्या माणसाला विचारतात तसे तिने ताईबाईंना विचारले, "कोठली वं माय तू? कोनी शेस?"

आजवर या प्रश्नाला ताईबाईंनी वडिलांचे नाव सांगितले होते, नंतर नवऱ्याचे, नंतर भूषणचे. बसच्या खिडकीतून अमृतने पाहिले, त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला आणि मान ताठ केली.

"नशिराबादनी गोजर व्हती ना," त्या म्हणाल्या, "तिनी पोर शे मी."